विद्यागृह ते परिपाठ : यवतमाळ जिल्ह्यातील शाळांमधले नीतिशिक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांना नीती शिकवण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. त्याचे नाव मात्र एक राहिले नाही. नीतिबोध, धर्मशिक्षण, राष्ट्रीय शिक्षण, संस्कार, मूल्यशिक्षण अशी नावे काळाप्रमाणे बदलत गेली आणि प्रत्येक नावामागे एकच वाद उभा राहिला : मुलांनी काय चांगले मानावे, हे ठरवायचे कोणी? सरकारने, धर्माने, राष्ट्रीय चळवळीने, संस्थाचालकांनी की वर्गावरच्या मास्तरांनी? दुसरी गोष्ट अशी की, वेळापत्रकात नीतीसाठी राखलेला तास या जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, कधी फारसा जोमदार नव्हता. जे रुजले ते प्रार्थना, वसतिगृह, श्रमदान आणि चळवळ यांच्या आधाराने रुजले.

आजचा यवतमाळ जिल्हा हा जुन्या वऱ्हाडाचा आग्नेय भाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. वणी या गावावरून ‘वुन’ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा पुढे आखला गेला. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि मोडीत निघालेल्या वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्याला जोडला गेला. जंगल, कापूस आणि विरळ वस्ती असलेल्या या मुलखात इंग्रजी शिक्षण उशिरा पोचले. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील सरकारी हायस्कुले अमरावती आणि अकोला येथे होती. मॅट्रिकपर्यंत शिकायचे तर वणी-दारव्ह्याच्या मुलाला घर सोडणे भाग होते. त्यामुळे इथल्या माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या पिढीचे संस्कार घरापेक्षा वसतिगृहात, नातेवाइकांच्या माडीवर आणि परगावच्या शिक्षकांच्या हाताखाली झाले.

सरकारी शाळांचे धोरण धर्माबाबत तटस्थ होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे असे ठरवून दिले होते. पण नीतीशिवाय शिक्षण ही कल्पना ना इंग्रज अधिकाऱ्यांना मानवणारी होती, ना पालकांना. म्हणून ती पाठ्यपुस्तकांच्या दाराने आत आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापच्या कथांची मराठी आवृत्ती १८२८ मध्येच निघाली होती. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये तयार केलेल्या ‘नवनीत’ या वेच्यांच्या संग्रहातून संतकवी आणि पंडितकवी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. लबाड कोल्हा, गर्विष्ठ ससा आणि शेवटी एका ओळीचे तात्पर्य, हा साचा इतका पक्का बसला की आजच्या परिपाठातली बोधकथाही त्याच वाटेने जाते.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने याच्या पुढे एक पाऊल टाकले. सर्व धर्मांना समान अशा ‘नैसर्गिक धर्मा’च्या तत्त्वांवर एक नीतीचे पाठ्यपुस्तक तयार करावे आणि माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, अशी शिफारस त्याने महाविद्यालयांसाठी केली. आयोगाचे सदस्य काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तिला विरोध नोंदवला. सर्वांना चालेल असे नीतीचे पुस्तक एक तर पोकळ होईल किंवा कोणाला तरी दुखावेल, ही त्या विरोधामागची अडचण आजही सुटलेली नाही. सरकारने १८८७-८८ मध्ये शाळांतील शिस्त आणि नैतिक शिक्षण यांवर ठराव काढला, त्यात भर मुख्यतः शिस्तीवर होता. नीती म्हणजे हुकूम पाळणे, हे समीकरण तिथून शाळांच्या अंगवळणी पडले आणि ते अजून पुरते सुटलेले नाही.

मिशनच्या शाळांना असली पंचाईत नव्हती. यवतमाळमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्री मेथॉडिस्ट मिशनचे काम सुरू झाले आणि शाळा, दवाखाना, वसतिगृह ही त्याची नेहमीची अंगे होती. बायबलचा पाठ हा मिशनच्या शाळेचा पाया असे. या परंपरेमुळेच यवतमाळ हे पुढे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे देशपातळीवरचे केंद्र बनले. १९५३ मध्ये इथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. मिशनच्या शाळांचा हिंदू समाजावर उलटाही परिणाम झाला : ते लोक आपला धर्म शाळेत शिकवतात, मग आपण का नाही, हा प्रश्न मराठी सुशिक्षितांना पडू लागला.

त्याचे सर्वांत ठसठशीत उत्तर यवतमाळला मिळाले ते बंगालच्या फाळणीनंतर. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. त्याच वर्षी विष्णू गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालय सुरू केले, जे पुढे तळेगाव दाभाडे येथे नावारूपाला आले. यवतमाळमध्ये ‘विद्यागृह’ ही राष्ट्रीय शाळा निघाली. तिची धुरा तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्याकडे होती. सरकारी मान्यता नाही, सरकारी अनुदान नाही, आणि म्हणून सरकारी नोकरीची आशाही नाही, अशा शाळेत मुलगा घालणे हाच पालकांच्या दृष्टीने एक नैतिक निर्णय होता. स्वदेशीचे व्रत, मातृभाषेचा अभिमान, व्यायाम, देशाचा इतिहास या गोष्टी तिथे वेगळ्या तासाच्या नव्हत्या. शाळेचे असणेच त्यांच्यासाठी होते.

या शाळेचे नाव इतिहासात विशेष राहिले ते एका विद्यार्थ्यामुळे. मे १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घेण्यावर बंदी आली. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषाने झाले. त्या प्रकरणात शाळेबाहेर पडावे लागलेले, पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक झालेले केशव बळीराम हेडगेवार यवतमाळच्या विद्यागृहात दाखल झाले. ही शाळाही सरकारी दडपणाखाली बंद पडली आणि हेडगेवारांना पुढच्या तयारीसाठी पुणे गाठावे लागले. परीक्षा त्यांनी दिली ती बंगालमधील राष्ट्रीय शिक्षण परिषदेची. समर्थ विद्यालयही १९१० मध्ये असेच बंद पडले. विद्यागृहाचे आयुष्य थोडे, पण इथल्या शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. सरकारला गैरसोयीची वाटेल अशी नीती शिकवणारी जिल्ह्यातली ही ठळक शाळा. सरकारने तिचा जो धसका घेतला, तो पुढे कुठल्याच मूल्यशिक्षणाच्या तासाचा कोणी घेतलेला नाही.

या काळातल्या यवतमाळच्या सार्वजनिक जीवनावर माधव श्रीहरी ऊर्फ लोकनायक बापूजी अणे यांची छाया होती. वणीत १८८० मध्ये जन्मलेले अणे वकील होण्यापूर्वी अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. टिळकांचे अनुयायी आणि संस्कृतचे पंडित अशी त्यांची ओळख. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाच्या सत्याग्रहाऐवजी गवताचा निवडणे हे राजकीय शहाणपण होते. गुराढोरांचा चारा आणि सरकारचा जंगल कायदा यांचे भांडण खेड्यातल्या पोरालाही समजावून सांगावे लागत नव्हते. कायदा आणि न्याय नेहमी एकच नसतात, हा धडा त्या पावसाळ्यात पुसद-यवतमाळच्या शाळकरी पिढीने पुस्तकाबाहेर शिकला.

यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा मांडला. हाताच्या उद्योगातून शिक्षण हे त्याचे सूत्र. त्यात धर्मशिक्षणाला जागा नव्हती आणि गांधीजींनी ती जाणीवपूर्वक ठेवली नव्हती : आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात ते एकोप्यापेक्षा भांडणालाच कारण होतात, असे त्यांचे मत होते. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मात्र मुलांना द्यावीत, ती शब्दांतून नव्हे तर शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातून, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी अशी ती कल्पना. मुस्लिम लीगने नावातल्या ‘मंदिर’ शब्दालाच हरकत घेतली आणि जमिनीपेक्षा, पिकापेक्षा, शिक्षकाच्या पगारापेक्षा चर्चा नावावर अधिक झाली. हा प्रकार पुढेही अनेकदा पाहायला मिळाला.

विदर्भात शाळेपेक्षा खोल गेलेले नीतिशिक्षण कोणाचे असेल तर ते गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांचे. दोघेही शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबांनी कीर्तनातून प्रश्न विचारत विचारत अंधश्रद्धा, व्यसन आणि कर्ज काढून सण करण्याच्या खोडीवर प्रहार केले आणि हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध केली. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेड्यापाड्यांत निघाल्या. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवरचे भजन, सफाईसाठी श्रमदान हे त्यांचे नित्यकर्म. दिवसा शाळेत असलेला मुलगाच संध्याकाळी प्रार्थनेला बसे, त्यामुळे शाळेची प्रार्थना आणि गावची प्रार्थना यांत फार अंतर राहिले नाही. ग्रामगीतेवरच्या परीक्षा विदर्भातील शाळांत आजही होतात.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने सीमा आखून दिल्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण इथे प्राथमिक शाळा मुख्यत्वे जिल्हा परिषदांच्या आणि माध्यमिक शाळा मुख्यत्वे खासगी अनुदानित संस्थांच्या. पंचायत राज्याची ही रचना ज्या समितीच्या शिफारशींवर १ मे १९६२ पासून उभी राहिली, तिचे अध्यक्ष पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक होते. शिक्षण संस्था कोणी काढली, संस्थापक कोणत्या विचाराचे, यावर मग शाळेचा सूर ठरत गेला. एका शाळेत गांधी जयंतीला सूतकताई, दुसरीत विवेकानंद जयंतीला व्याख्यान, तिसरीत शिवजयंतीला मिरवणूक. पगार सरकारचा आणि संस्कार संस्थेचे, अशी ही वाटणी झाली.

दिल्लीत याच काळात समित्या बसत होत्या. धार्मिक व नैतिक शिक्षणावरील श्रीप्रकाश समितीने १९६० मध्ये दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनाने करावी असे सुचवले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे होते, आठवड्याला एक-दोन तास मूल्यांसाठी राखावेत असे म्हटले आणि एक शहाणी अट घातली : त्यासाठी वेगळा शिक्षक नेमू नये, शाळेतल्याच योग्य शिक्षकांनी, शक्यतो वेगवेगळ्या समाजांतल्या, हे तास घ्यावेत. वेगळा शिक्षक आला नाही हे खरे, पण त्यामुळे हा तास कोणाचाच राहिला नाही. दहावीचे वर्ग असतील तिथे तो गणिताकडे किंवा इंग्रजीकडे जाणे ओघाने आले.

टिकली ती प्रतिज्ञा. आंध्र प्रदेशातील कोषागार अधिकारी पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये ती तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली ही प्रतिज्ञा आणि रोज एक हात पुढे करून ती म्हणणारी रांग, हे शालेय नीतिशिक्षणाचे सर्वांत सार्वत्रिक रूप. ती लिहिणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७९ मध्ये ८३ मूल्यांची यादी प्रसिद्ध केली. एवढी मूल्ये शिकवायला घेणे म्हणजे एकही न शिकवण्यासारखेच. महाराष्ट्राने १९९० नंतरच्या दशकात मूल्यशिक्षण आणले तेव्हा यादी दहावर आणली : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा. डी.एड.च्या विद्यार्थ्यांना ही यादी तोंडपाठ करावी लागे. तिची वीण विचित्र आहे. स्त्री-पुरुष समानता आणि वेळेवर येणे एकाच पंगतीला बसवले आहेत, आणि तपासायला सोपी असतात ती शेवटची दोन. शाळेचा गणवेश आणि हजेरी यांवर नजर ठेवली की नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा झाला, बाकीची आठ तशीच राहतात.

या दहा मूल्यांचे रोजचे वाहन म्हणजे परिपाठ. घंटा झाली की मैदानात वर्गवार रांगा लागतात. ‘सावधान, विश्राम’ होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाल्यावर त्या दिवशी पाळी असलेला वर्ग पुढे येतो. एकजण फळ्यावर रंगीत खडूने आधीच लिहून ठेवलेला सुविचार वाचतो, दुसरी दिनविशेष सांगते, तिसरा पेपरमधल्या ठळक बातम्या, चौथी बोधकथा. मग सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न, कुठे पसायदान, कुठे दोन मिनिटे मौन. प्रार्थनांमध्ये १९८६ च्या ‘अंकुश’ चित्रपटातले हिंदी गीत इतके रुळले आहे की ते सिनेमातले आहे हे मुलांना सांगूनही पटत नाही. परिपाठावर यांत्रिकपणाचा आरोप होतो आणि तो खोटा नाही. पण आठवीतली मुलगी सगळ्या शाळेसमोर उभी राहून न चाचरता बातम्या वाचते, तेव्हा तिला जे मिळते ते दहाच्या यादीत नाही आणि तरी त्यातल्या अनेकांपेक्षा मोलाचे आहे.

या जिल्ह्यात मूल्यांची खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. पऱ्हाटी फुटते, वेचणीला माणसे कमी पडतात आणि वर्गातली उपस्थिती उतरते. आईबरोबर ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात गैरहजेरी लागते आणि त्याच आठवड्यात फळ्यावर श्रमप्रतिष्ठेचा सुविचार असू शकतो. शिक्षकाचा नाइलाज आणि पालकाची गरज, दोन्ही खऱ्या. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जे शेतकरी पॅकेज जाहीर केले त्यांत यवतमाळ होता. ज्या वर्गात बाप गमावलेले मूल बसले आहे, तिथे कष्टाचे फळ गोड असते ही बोधकथा सांगताना शिक्षकाला शब्द जपून वापरावे लागतात.

पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी या भागांतील गोंड आणि कोलाम मुलांसाठी, तसेच पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांतील मुलांसाठी आश्रमशाळा निघाल्या. तिथे पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत चोवीस तास शाळाच असते. त्यामुळे ताट स्वतः धुणे, लहान भावंडासारख्या मुलाचे अंथरूण घालून देणे, भांडण अधीक्षकापर्यंत न नेता आपसात मिटवणे, हे सगळे आपोआप अभ्यासक्रमात येते. पण पुस्तकातली नीती ज्या घरांची आहे, ती घरे या मुलांची नाहीत. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाच्या समाजात वाटून खाण्याचे, नायक-कारभाऱ्यांनी सर्वांसमक्ष निवाडा करण्याचे स्वतःचे संकेत आहेत. बोधकथांच्या पुस्तकांनी त्यांची दखल फारशी घेतलेली नाही.

तिकडे दिल्लीत फेब्रुवारी १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणावर संसदीय समितीचा अहवाल सादर झाला. त्या समितीचे अध्यक्ष पैनगंगेपलीकडच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये त्यांनी पुढे केली आणि सर्व धर्मांची मूलतत्त्वे विद्यार्थ्यांना माहीत व्हावीत असे म्हटले. त्यावर आधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाला न्यायालयात आव्हान मिळाले, पण २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवणे आणि धार्मिक शिक्षण देणे यांत फरक करून तो मान्य ठेवला.

अलीकडचा रोख घटनेकडे आहे. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन रोजचे झाले आणि परिपाठात प्रतिज्ञेच्या शेजारी ते बसले. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आला. श्रेणी असल्यामुळे त्यात नापास होण्याची भीती नाही, आणि अभ्यास करण्याचे कारणही उरत नाही. ‘गांधी विचार संस्कार परीक्षा’सारख्या बाहेरच्या परीक्षा प्रमाणपत्रामुळे शाळांना बऱ्या वाटतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने मे २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा काढला, तेव्हा मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीतील श्लोक आणि पाठांतरासाठी गीता व मनाचे श्लोक सुचवल्यावरून राज्यभर गदारोळ झाला. तेलंगांनी १८८२ मध्ये दाखवलेली अडचण पुन्हा समोर आली होती. यवतमाळमधील माध्यमिक शिक्षक या वादाकडे काहीशा अलिप्तपणे पाहू शकले, कारण मूल्यशिक्षणाची त्यांची तासिका कागदावर कोणत्याही नावाने असली, तरी जानेवारीनंतर ती दहावीच्या सराव परीक्षेसाठीच वापरली जाते.